साक्ष

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळींमध्ये रविवारच्या उपासनेत एक छोटासा भाग असतो. भजने झाली, शास्त्रवाचन झाले की पाळकसाहेब समोर बघत विचारतात, "कोणाला साक्ष द्यायची आहे का?" क्षणभर शांतता पसरते. मग बाकावरून कोणीतरी उठते, पदर किंवा शर्ट नीट करते आणि बोलू लागते. मुलगा आजारी होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, आम्ही प्रार्थना केली आणि मुलगा बरा झाला. नोकरी गेली होती, घरात दाणा नव्हता, प्रभूने वाट दाखवली. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. साक्ष देणारा हलका होऊन खाली बसतो.

मी लहानपणापासून अशा शेकडो साक्षी ऐकल्या आहेत. माझे बालपण साताऱ्यात गेले, नोकरीतली महत्त्वाची वर्षे सांगलीत आणि आता निवृत्तीनंतरचा मुक्कामही सांगलीतच आहे. या साक्षींबद्दल मला आदर आहे. पण कादंबरीकाराला एक वाईट खोड असते. गोष्ट फार नीट जमली की त्याला शंका येते. संकट आले, माणूस देवाला शरण गेला आणि संकटातून उजळून बाहेर पडला, ही गोष्ट खरी असू शकते. पण मधल्या दिवसांत तो माणूस नेमका कसा वागला, कोणावर चिडला, कोणाला फसवले, हे साक्षीत कधी येत नाही. एकदा मी स्वतः अशी एक साक्ष दिली होती. आज लिहायचे आहे ते तिच्याबद्दल.

संकटे माणसाला घडवतात, असे आपण सहज म्हणतो. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातही संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील आणि त्यातून आशा, अशा अर्थाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. त्या पायऱ्या खऱ्या आहेत. पण त्या सरकत्या जिन्यासारख्या नाहीत, की उभे राहिले आणि वर पोचलो. १९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतली माणसे खडी फोडायला जात होती, पोरांना सुकडी मिळत होती. त्याच दुष्काळात अर्धी भाकरी मोडून शेजारच्या घरी पाठवणारी माणसे मी पाहिली आणि पोती दडवून ठेवणारी माणसेही पाहिली. दुष्काळ दोघांवर सारखाच आला होता. संकट माणसाला चांगला करते असे म्हणण्यापेक्षा तो मुळात कसा आहे ते उघडे करते, असे म्हणणे मला जास्त बरोबर वाटते.

आमच्या साताऱ्याच्या घरात दोन पुस्तके देवघरातल्या पोथीसारखी मानली जात. एक अर्थातच पवित्र शास्त्र. दुसरे, पुठ्ठा निखळलेले, आजीने जुन्या साडीच्या कापडात शिवून घेतलेले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर आजी त्यातली दोन-तीन पाने वाचून दाखवायची. आम्ही पोरे हसून लोळायचो. देवाधर्माचे पुस्तक इतके हसवणारे असू शकते, हे मला तेव्हा विशेष वाटत नसे. विशेष वाटले ते फार पुढे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आणि साताऱ्याचे नाते बऱ्याच सातारकरांनाही ठाऊक नसते. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. ते मिशनचे काम करीत होते, त्यांची कविता महाराष्ट्रभर गाजत होती. आणि १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला येऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही ख्रिस्ताभोवती एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना. ठरलेला पगार संपला. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे मुंबईत निधन झाले. आमच्या उपासना-संगीतातली कितीतरी भजने त्यांची आहेत. त्यांच्याशिवाय मराठी उपासनेची कल्पना करता येत नाही.

पण आजी म्हणायची, "टिळक मोठेच. पण जमिनीवर राहून मोठी झाली ती लक्ष्मीबाई." आजीचे म्हणणे मला पटायला माझ्यावर वेळ यावी लागली.

१९९४ साल. मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. बँकेचे नाव सांगण्याची गरज नाही. तेव्हा संगणक आलेले नव्हते. जाडजूड लेजर, त्यात लाल-निळ्या शाईच्या नोंदी, आणि सह्यांच्या नमुन्यांची कार्डे. पैसे काढण्याची स्लीप आली की लेजर क्लार्क सही ताडून बघायचा, नोंद करायचा आणि रक्कम मोठी असली की माझ्याकडे पास करायला पाठवायचा. मी पुन्हा कार्ड बघून सही करायची, असा नियम.

एका वृद्ध विधवा बाईंच्या खात्यातून तीन वेळा मिळून बेचाळीस हजार रुपये काढले गेले. नवऱ्याच्या पश्चात मिळालेले, वर्षानुवर्षे न हललेले पैसे. बाई पासबुकावर व्याज चढवून घ्यायला आल्या तेव्हा प्रकार उघडकीला आला. त्यांच्याच पुतण्याने पासबुक उचलून खोट्या सह्या केल्या होत्या. तीनही स्लिपांवर पास केल्याची सही माझी होती.

आता खरी गोष्ट सांगतो. तिसऱ्या वेळी ती स्लीप माझ्या टेबलावर ठेवताना लेजर क्लार्क म्हणाला होता, "साहेब, सही जरा वेगळी वाटतेय. एकदा कार्ड बघता का?" पगाराचा दिवस होता. काउंटरसमोर रांग लागली होती. मी मान वर न करता म्हणालो, "म्हाताऱ्या माणसाची सही हलतेच. गर्दी बघतोयस ना? चल, पुढचं आण." आणि सही ठोकली.

चौकशी सुरू झाली. एका अनुभवी सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सल्ला दिला, "सही ताडायची पहिली जबाबदारी क्लार्कची. त्याने शंका काढली नाही, मी त्याच्या भरवशावर पास केले, एवढंच लिही. एका ओळीचं काम आहे." मी ती एक ओळ लिहिली. क्लार्क चोवीस-पंचवीस वर्षांचा, वर्षापूर्वी लग्न झालेला मुलगा. तो आपली बाजू सांगत राहिला, पण त्याच्या शब्दासमोर अधिकाऱ्याचा शब्द होता. आम्ही दोघेही निलंबित झालो. दोघांनाही पगाराऐवजी निर्वाह भत्ता. माझा पगाराच्या निम्मा.

सांगलीसारख्या गावात निलंबित माणसाला लपायला जागा नसते. भाजी मंडईत ओळखीचे लोक दुसरीकडे बघू लागले. दोन मुलांच्या शाळेच्या फी, घरभाडे, पत्नीची शिवणाची मशीन रात्री अकरापर्यंत चालू. मी दिवसभर खुर्चीत बसून असे. देवावर माझा राग होता. आम्ही रविवार चुकवला नाही, दशांश चुकवला नाही, मग आमच्याच वाट्याला हे का? प्रार्थना करायचो, पण ती प्रार्थना म्हणजे तक्रार अर्ज होता. मला यातून सोडव, त्वरित कार्यवाही व्हावी, कळावे.

मंडळींतले लोक मायेचे होते. ते घरी येत, धीर देत. एकाने सुचवले, "भाऊ, देव तुमची परीक्षा पाहतोय. साक्ष द्या. मन हलकं होईल." आणि एका रविवारी मी उभा राहिलो. निरपराध माणसावर आळ कसा येतो, ईयोबाप्रमाणे देव आपल्याला कसा पारखतो, तरी मी विश्वास कसा सोडला नाही, हे मी सांगितले. लेखकाची जीभ. शब्द छान जमले. बायका डोळे पुसत होत्या. खाली बसलो तेव्हा दोघांनी पाठीवर हात ठेवला.

त्या आठवड्यात आई साताऱ्याहून आली होती. ती शेवटच्या बाकावर बसली होती. घरी आल्यावर ती काहीच बोलली नाही. जेवणे झाली, भांडी झाली. मग माझ्यासमोर पाट घेऊन बसली आणि म्हणाली, "त्या पोराचं काय?"

"कुठल्या पोराचं?"

"तुझ्या हाताखालच्या. सूनबाईनं सांगितलं मला. तो तुला म्हणाला होता ना, कार्ड बघा म्हणून?"

मी बायकोकडे पाहिले. ती मशीनवर मान खाली घालून बसली होती. मशीन मात्र थांबली होती.

आईबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ती मिरजेला शिकलेली नर्स. मिरजेचे ते मिशन रुग्णालय म्हणजे आमच्या भागातली एक मोठी गोष्ट. डॉ. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडातले डॉक्टर १८८९ साली भारतात आले, सांगलीत त्यांनी लहानसा दवाखाना सुरू केला आणि १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे राहिले. रेल्वेचे जंक्शन असल्याने लांबलांबचे रोगी तिथे येत. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. त्या परिसराला आपण आजही वानलेसवाडी म्हणतो. चाळीस वर्षांच्या आसपास त्यांनी इथे शस्त्रक्रिया केल्या. दुःखाने माणूस मोठा होतो म्हणून दुःखाचे गोडवे गाणाऱ्यांनी मिरजेची ही हकीकत आठवावी. त्या माणसांनी दुःखाची स्तुती केली नाही. त्यांनी खाटा वाढवल्या, जखमा धुतल्या आणि इथल्या मुलींना नर्सिंग शिकवले. त्या मुलींपैकी माझी आई एक.

त्या रात्री तिने मला एक गोष्ट सांगितली. पुढे ती एका खेड्यातल्या दवाखान्यात नोकरीला असताना एका रात्रपाळीत तिच्याकडून एका रोग्याचे औषध द्यायचे राहून गेले. दमली होती, डोळा लागला. पहाटे लक्षात आले. रोगी झोपला होता, त्याला काही झालेले नव्हते. चार्टवर एक खूण केली असती तर कोणालाही कळले नसते. तिने चार्टवर लिहिले, औषध दिले गेले नाही, आणि खाली स्वतःची सही केली. सकाळी बोलणी खाल्ली, पगार कापला गेला.

"मग कशाला लिहिलंस?" मी विचारले.

"अरे, दिवसपाळीची पोरगी तो चार्ट बघून पुढचं औषध देणार होती. मी खोटी खूण केली असती तर तिनं ती खरी मानली असती." मग थोडे थांबून म्हणाली, "तू आज चर्चमध्ये खोटी खूण केलीस. लोकांनी ती खरी मानली."

ती उठून झोपायला गेली. पिशवीतून आणलेले आजीचे 'स्मृतिचित्रे' तिने टेबलावर ठेवले होते. "रिकामा बसलायस तर वाच," एवढेच म्हणाली होती.

मी वाचले. लहानपणी हसत ऐकलेले पुस्तक चौतीस-पस्तिसाव्या वर्षी, निलंबित अवस्थेत वाचताना वेगळेच निघाले. त्यात किती सोसलेले आहे! वडिलांचे सोवळे इतके कडक की सगळे घर त्या सोवळ्याच्या धाकात. अकरा-बारा वर्षांच्या वयात लग्न. नवरा प्रतिभावान, दिलदार, पण रागीट आणि लहरी. कधी न सांगता घर सोडून जाणारा, तर कधी घरातले सगळे कोणाला तरी देऊन मोकळा होणारा. मग तो ख्रिस्ती झाल्याची बातमी. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून जवळपास पाच वर्षे त्याच्याविना, नातेवाइकांच्या आधाराने काढलेली. पुढे त्या टिळकांकडे परत गेल्या त्याही आपले सोवळे सांभाळूनच. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनाने स्वतः सोडवला तेव्हाच तो भेद गळाला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. नवऱ्याच्या सांगण्यावरूनही नव्हे.

नंतरचे आयुष्यही सुखाचे नव्हते. दुष्काळातली पोरकी मुले घरात, प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषा, कायमची ओढाताण. टिळक गेले तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम केले, मुलाबरोबर कराचीला बिऱ्हाड केले. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेतले आणि त्याचे ६४ अध्याय लिहिले. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून निघू लागले. १९३६ साली त्या वारल्या तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता. तो त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी पुरा केला.

पण मला त्या दुपारी धरून ठेवले ते या हालअपेष्टांनी नाही. मला धरून ठेवले ते या गोष्टीने की सबंध पुस्तकात बाई स्वतःला कुठेही सोडत नाहीत. स्वतःचा अडाणीपणा, स्वतःचा हट्ट, नवऱ्याशी केलेली भांडणे, सोवळ्यापायी केलेले खुळे प्रकार, सगळे त्या सांगतात, आणि हसत सांगतात. टिळकांचे दोषही सांगतात, पण त्यात सूड नाही. ज्यांनी त्रास दिला त्यांच्याबद्दलही कडवटपणा नाही. इतके सोसलेली बाई साध्वी म्हणून स्वतःचे चित्र सहज काढू शकली असती. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले असते. त्यांनी तसे केले नाही. आजी म्हणायची ते 'जमिनीवर राहून मोठे होणे' हेच असावे. श्रद्धा वाढली म्हणजे काय झाले, तर स्वतःबद्दल खरे सांगायची भीती गेली.

आणि मी? माझ्यावर आलेल्या संकटाचे मी दागिने करून अंगावर घातले होते. ईयोबाचे नाव घेतले होते. ईयोबाने कोणाच्या तरुण पोराची नोकरी धोक्यात घातल्याचे शास्त्रात कुठे आढळत नाही.

पुस्तक संपल्यावरही धीर यायला दहा-बारा दिवस लागले, हेही सांगितले पाहिजे. त्या दिवसांत प्रार्थना बदलली. 'मला सोडव' हे तोंडातून निघेना. एका सकाळी मी नुसते म्हणालो, देवा, मला खरं लिहू दे. कुठलाही आवाज ऐकू आला नाही, प्रकाश दिसला नाही. मी टेबलाशी बसलो आणि चौकशी अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. आधीच्या निवेदनातली अमुक ओळ खरी नाही. क्लार्कने तिसऱ्या वेळी शंका काढली होती. मी कार्ड पाहिले नाही. तीनही वेळा पाहिले नव्हते.

सल्ला देणाऱ्या सहकाऱ्याने कपाळावर हात मारला. क्लार्क महिन्याभरात कामावर रुजू झाला. मी आणखी सात महिन्यांनी. माझ्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या, बढती कित्येक वर्षे लांबली आणि बदली झाली ती सातारा जिल्ह्यातल्या एका आडगावी. शिक्षा योग्य होती. आधी नियम मोडला होता, नंतर खोटे लिहिले होते.

क्लार्क मला पुढे एकदाच भेटला, सांगलीच्या एस. टी. स्टँडवर. मी माफी मागितली. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पहिल्यांदाच खरं सांगितलं असतंत तर माझे चार महिने वाचले असते. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिच्या घरच्यांसमोर मी चोर ठरलो होतो." गाडी लागली, तो निघून गेला. त्याने माझे आभार मानले नाहीत आणि मानायचे काही कारणही नव्हते. खरे बोलल्याने सगळे भरून येते, ही समजूतही त्या दिवशी गळाली. काही गोष्टी उशिरा दुरुस्त होतात आणि उशीर तसाच राहतो.

या सगळ्यातून माझे शील घडले, असे मी म्हणणार नाही. नंतरच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी एकही स्लीप कार्ड बघितल्याशिवाय पास केली नाही, एवढे मात्र सांगू शकतो. रांग कितीही लांब असो. हाताखालचा माणूस "साहेब, जरा बघता का?" म्हणाला की मी पेन खाली ठेवत असे. श्रद्धा कुठे वाढली असेल तर ती तेवढ्याच जागेत वाढली. मोठ्या गोष्टी टिळकांसारख्यांसाठी. त्यांनी आपण होऊन पगारावर पाणी सोडले. माझा निम्मा पगार माझ्या निष्काळजीपणाने गेला होता. दोन्हींना 'त्याग' हा एकच शब्द लावणे बरे नव्हे.

आई २००९ साली गेली. 'स्मृतिचित्रे' माझ्याकडे आहे. साडीचे कापडही आता विरले आहे.

गेल्या वर्षी एका रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. इतकी वर्षे त्या प्रश्नाला मी मान खाली घालून बसत असे. त्या दिवशी उठलो. मंडळींना म्हणालो, १९९४ साली मी याच गावात एक साक्ष दिली होती, ती दुरुस्त करायची आहे. मग सगळे सांगितले. स्लीप, गर्दी, क्लार्कचे शब्द, ती एक ओळ, आईचा प्रश्न. या वेळी कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही. नुसती शांतता होती. मी खाली बसलो, पुढचे भजन सुरू झाले. टिळकांचेच होते.

उपासना संपल्यावर दाराशी चपला घालत असताना काठी टेकत एक आजीबाई जवळ आल्या. माझ्या साक्षीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी विचारले, "त्या बाईचे पैसे मिळाले का हो परत?"

"मिळाले. बँकेनं आठ महिन्यांनी भरून दिले."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि नातवाचा हात धरून पायऱ्या उतरू लागल्या.